तुमचा रिकामा सेल किती हायड्रोजन शोषतो?

सच्छिद्र कार्बनमध्ये धातू घालून हायड्रोजन साठवू बघणाऱ्या तमाम मंडळींना, आणि त्यांचे पेपर तपासणाऱ्या रिव्ह्यूअर लोकांना, सप्रेम नमस्कार.

मी तुमच्यातलाच. बरीच वर्षं सिव्हर्ट्सच्या मशीनसमोर बसून काढलीयेत, म्हणजे सॅम्पल सेलमध्ये, एका छोट्या बंद भांड्यात, ठेवायचं, ठरावीक व्हॉल्यूममधला गॅस त्यावर सोडायचा, प्रेशर किती उतरलं ते बघायचं आणि त्यावरून सॅम्पलनं किती हायड्रोजन घेतला ते काढायचं. काम अगदी साधं आणि त्यातच सगळी गोम. परवा परत एक पेपर हातात आला. पॅलेडियम घातलेला कार्बन, रूम टेम्परेचर, १०० बार, आणि असा आकडा की बघून आधी आनंद व्हावा आणि मग पोटात गोळा यावा. ग्राफमध्ये एकच वर चढत जाणारी रेघ. तोच कार्बन धातू न घालता मोजला तर काय येतं ते कुठेच नाही, दुसरी सायकल (गॅस भरून, काढून परत भरणं) नाही, एरर बार नाहीत, सॅम्पल किती घेतलं होतं तेही शोधून सापडलं नाही. म्हटलं आता एकदाचं लिहूनच टाकावं.

आधी जे या धंद्यात नाहीत आणि चुकून हे वाचतायत त्यांच्यासाठी थोडक्यात. एक किलो हायड्रोजनमध्ये साधारण ३३ युनिट ऊर्जा असते, वजनाच्या हिशोबात पेट्रोलच्या जवळपास तिप्पट, पण साध्या प्रेशरला तोच एक किलो १२,००० लिटर जागा खातो. म्हणून एक तर तो ७०० बारला दाबायचा, नाहीतर उणे २५३ डिग्रीला नेऊन द्रव करायचा. तिसरा रस्ता आमचा. आतून भोकाभोकांचा कार्बन घ्यायचा, ज्याच्या एका ग्रॅममध्ये दोन-अडीच हजार चौरस मीटर पृष्ठभाग दडलेला असतो, आणि हायड्रोजनचे रेणू त्या भिंतींना चिकटवायचे. अडचण एवढीच की ते चिकटतात फार हलके, ४ ते ६ किलोज्यूल प्रति मोल इतकेच. लिक्विड नायट्रोजनच्या थंडीत, म्हणजे उणे १९६ डिग्रीला, हे पुरतं. रूम टेम्परेचरला रेणू भिंतीला टेकतो न टेकतो तोच उडून जातो. भाटिया आणि मायर्स यांनी २००६ मध्ये हिशोब मांडला होता की रूम टेम्परेचरला ३० बारला भरायचा आणि दीड बारला काढायचा असेल तर ही ओढ १५ किलोज्यूलच्या आसपास हवी. ५ कुठे आणि १५ कुठे. मधली ही दरी भरून काढायला कार्बनमध्ये धातू घालायची कल्पना आली, आणि कल्पना चांगलीच आहे, माझं भांडण कल्पनेशी नाहीच. १९८४ साली कुबास या रसायनशास्त्रज्ञानं टंगस्टनच्या कॉम्प्लेक्सवर अख्खा हायड्रोजनचा रेणू न तुटता बसलेला दाखवला, दोन अणूंमधलं अंतर ०.७४ वरून ०.८२ अँगस्ट्रॉमपर्यंत ताणलेलं, तेव्हाच कळलं की अर्धवट पकडणारा धातू असू शकतो. घट्ट नाही, सैल नाही, मधलं काहीतरी. तेच मधलं काहीतरी आपण सगळे शोधतोय.

माझं भांडण मोजण्याशी आहे, आणि त्यासाठी आधी माझीच फजिती सांगतो म्हणजे कुणाला वाटायला नको की हा दुसऱ्यांना शिकवायला बसलाय.

ॲक्टिव्हेटेड कार्बन होता, वजनाच्या १० टक्के पॅलेडियम घातलेलं. सॅम्पल १०० मिलिग्रॅम, कारण तेवढंच बनलं होतं. सेल २० मिलिलिटरचा. आधीच्या आठवड्यात साधा कार्बन मोजला होता, १०० बारला सॅम्पलच्या वजनाच्या ०.६ टक्के हायड्रोजन. पॅलेडियमवाल्याचं पहिलं रीडिंग आलं १.४ टक्के. दुपटीहून जास्त! मी खुर्चीवरून उठलो, सरांना फोन केला, सर म्हणाले ग्राफ पाठव, ग्राफ पाठवला, संध्याकाळपर्यंत पेपरचं टायटलसुद्धा ठरलं. शनिवार-रविवार तरंगत काढला. सोमवारी तेच सॅम्पल, सेलमधून न काढता, नुसतं व्हॅक्यूम करून परत लावलं. ०.७. म्हटलं काहीतरी चुकलं असेल. मंगळवारी परत लावलं. ०.६. म्हणजे साध्या कार्बनइतकंच, पॅलेडियम घातलं काय आणि नाही घातलं काय.

मग बसलो कागद-पेन घेऊन, जे खरं तर शुक्रवारी करायला हवं होतं. २० मिलिलिटर सेलमध्ये १०० बारला रूम टेम्परेचरला मोकळा हायड्रोजन किती असतो? लिटरला ७.७ ग्रॅम, म्हणजे सेलमध्ये १५४ मिलिग्रॅम. आणि मी शोधत होतो काय, तर १०० मिलिग्रॅम सॅम्पलनं घेतलेला अर्धा-एक मिलिग्रॅम. दीडशेतला अर्धा! आता सेल एका डिग्रीनं गार झाला तर प्रेशर ०.३ बारनं उतरतं, आणि सॉफ्टवेअर त्या उतरलेल्या प्रेशरचं खापर सॅम्पलवर फोडतं आणि म्हणतं घे, अर्धा टक्का हायड्रोजन शोषला. शुक्रवारी दुपारी कुणीतरी एसी लावला होता. टेम्परेचरचा सेन्सर मी सेलच्या बाहेरून, जॅकेटवर टेप लावून चिकटवला होता. झालं. अर्धा टक्का एसीनं साठवला.

उरलेलं पॅलेडियमनं खाल्लं, पण साठवलं नाही, जाळलं. हवेत ठेवलेल्या पॅलेडियमवर ऑक्साइड असतं, पहिल्यांदा हायड्रोजन मिळाला की त्याचं पाणी होतं आणि प्रेशर उतरतं. १०० मिलिग्रॅममधलं सगळं पॅलेडियम ऑक्साइड होतं असं धरलं तर त्यात ०.१९ मिलिग्रॅम हायड्रोजन जातो, म्हणजे जवळजवळ ०.२ टक्के, आणि तो परत येत नाही. कार्बनवरचे ऑक्सिजनचे गट वेगळेच. म्हणून पहिली सायकल नेहमी सुंदर दिसते आणि दुसरीत सगळं उतरतं. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, इथे एकच.

आता पॅलेडियमनं खरंच किती साठवलं ते बघा, कारण तो हिशोब मला अजून चटका लावून जातो. पॅलेडियम स्वतः हायड्राइड करतं, वजनाच्या ०.६ टक्क्यांच्या आसपास हायड्रोजन घेतं. सॅम्पलमध्ये ते १० टक्के, म्हणजे त्याचा वाटा ०.०६. उरलेला ९० टक्के कार्बन, त्याचे ०.६ पैकी झाले ०.५४. बेरीज करा. ०.६०. धातूनं जेवढं दिलं तेवढंच त्याच्या वजनानं परत नेलं, आणि यात धातूचे कण भोकांत जाऊन बसल्यानं जो पृष्ठभाग बुजतो तो मी धरलेलासुद्धा नाही. आठवडाभराची मेहनत, पॅलेडियमचं महागडं मीठ, त्यातून धातू काढायची रिडक्शनची रात्र, आणि बेरीज जिथल्या तिथे.

अजून एक गंमत. १०० मिलिग्रॅम कार्बनची घनता सांगाड्यापुरती २ धरली तर ते सगळं सॅम्पल जागा व्यापतं ०.०५ मिलिलिटर. एक थेंब! सेलच्या व्हॉल्यूममध्ये दीड थेंबाची चूक झाली, एखादी वॉशर जरा जास्त आवळली गेली, सेलमधली मोकळी जागा हेलियमनं मोजून कॅलिब्रेट करताना हेलियमच थोडा कार्बनला चिकटला, की अर्धा टक्का इकडचा तिकडे. प्रेशर सेन्सर २०० बारचा आणि अचूकता फुल स्केलच्या ०.१ टक्का असली, जी चांगली समजली जाते, तरी ०.२ बार म्हणजे परत ०.३ टक्के. हे सगळं ज्यांना माहीत आहे त्यांना मी काही नवीन सांगत नाहीये, पण मग पेपरमध्ये १.२७ टक्के असं दशांशाच्या दोन घरांपर्यंत कसं काय लिहिता हो तुम्ही?

म्हणून शीर्षकातला प्रश्न. सॅम्पल न भरता, किंवा सॅम्पलच्या व्हॉल्यूमइतका स्टीलचा तुकडा टाकून, तेच १०० बारपर्यंतचं रन करा. शून्य आलं पाहिजे. आमच्याकडे त्या फजितीनंतर केलं तर रिकाम्या सेलनं, माझ्या १०० मिलिग्रॅमच्या हिशोबात, ०.३ टक्के हायड्रोजन 'साठवला' होता. कशात साठवला? हवेत? पुढच्या सगळ्या पेपरांत मी ही रिकाम्या सेलची रेघ टाकायला लागलो, आणि एका रिव्ह्यूअरनं लिहिलं की ही रेघ अनावश्यक आहे, काढून टाका.

तर रिव्ह्यूअर मंडळी, तुमच्याशीही बोलायचंय, पण आधी जरा मागचं आठवू या, कारण आपल्या क्षेत्राला हे पहिल्यांदा होत नाहीये. १९९७ मध्ये कार्बन नॅनोट्यूबमध्ये, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांमध्ये, ५ ते १० टक्के हायड्रोजन बसू शकेल असा अंदाज आला आणि सगळे धावत सुटले. १९९८ मध्ये ग्राफाइटच्या नॅनोफायबरमध्ये थेट ६७ टक्क्यांचा दावा. जरा थांबून नुसता भागाकार केला असता तरी कळलं असतं की हे एका कार्बनमागे २४ हायड्रोजन होतात. मिथेनमध्ये एका कार्बनला चार असतात आणि तरी वजनाच्या २५ टक्केच भरतो! १९९९ मध्ये लिथियम घातलेल्या नॅनोट्यूबमध्ये २० टक्के, पोटॅशियमवाल्यात १४. मग २००० मध्ये राल्फ यांग यांनी दाखवलं की गॅसमधला ओलावा लिथियम-पोटॅशियम पीत होतं. वजन करून मोजताना पाण्याचा एक रेणू हायड्रोजनच्या नऊ रेणूंइतका भरतो, तेव्हा थोडा ओलावा पुरतो. आणि २००१ मध्ये हिर्शर आणि मंडळींनी तर कमालच शोधली. नॅनोट्यूब सुटे करायला अल्ट्रासाउंडचा टायटॅनियम मिश्रधातूचा दांडा वापरत होते, त्या दांड्याचे कण झिजून सॅम्पलमध्ये पडत होते आणि हायड्रोजन घेत होते ते कण. म्हणजे धातू घातलेल्या कार्बनचा हा प्रयोग आपल्या नकळत आधीच झाला होता असं म्हणायला हरकत नाही.

नंतर आलं स्पिलओव्हर. धातूचा कण हायड्रोजनचा रेणू फोडतो आणि सुटे अणू शेजारच्या कार्बनवर सांडतात, पसरत जातात, अशी ती कल्पना. ही थाप नाहीये. १९६४ मध्ये खूबियारनं पिवळी टंगस्टन ऑक्साइडची पूड प्लॅटिनम-ॲल्युमिनात (ॲल्युमिनियम ऑक्साइडवर बसवलेल्या प्लॅटिनममध्ये) मिसळली, वर हायड्रोजन सोडला, आणि रूम टेम्परेचरला पिवळी पूड निळी पडली. नुसती टंगस्टन ऑक्साइडची पूड घेतली तर तशी निळी पडत नाही. मी विद्यार्थ्यांना हा प्रयोग करून दाखवतो, रंग असा धातूच्या बाजूनं सरकत जाताना बघायला फार मजा येते, आणि एकदा बघितलं की स्पिलओव्हर नाहीच असं कुणी म्हणणार नाही. पण टंगस्टन ऑक्साइडमध्ये आलेला हायड्रोजनचा अणू इलेक्ट्रॉन देऊन प्रोटॉनसारखा आत शिरतो, त्याला तिथे घर आहे. कार्बनच्या सपाट थरावर त्याला काय आहे? २०१७ च्या एका नेमक्या प्रयोगात दिसलं की टायटॅनियाच्या, म्हणजे टायटॅनियम ऑक्साइडच्या, पृष्ठभागावर हे अणू दूरवर जातात पण ॲल्युमिनावर १५ नॅनोमीटरच्या आतच अडतात. म्हणजे सगळं आधारावर ठरतं. कार्बनमध्ये आणि मॉफमध्ये (धातू आणि सेंद्रिय रेणूंच्या सच्छिद्र जाळीत) प्लॅटिनम मिसळून रूम टेम्परेचरला १०० बारला ४ टक्क्यांपर्यंतचे आकडे छापून आले, आणि योगायोग बघा, ते आले यांग यांच्याच गटाकडून, ज्यांनी लिथियमचा फुगा फोडला होता. २०१० मध्ये दुसऱ्या एका गटानं प्लॅटिनम घातलेला सुपर-ॲक्टिव्हेटेड कार्बन काळजीपूर्वक मोजला तर त्यांना वाढ दिसली नाही. मी यांगसाहेबांना टोमणा मारत नाहीये, उलट माझं म्हणणं हेच की ज्या माणसानं दुसऱ्याची चूक इतक्या नेमकेपणानं पकडली त्याच्याही आकड्यांवर वाद होऊ शकतो, तर तुमचं-आमचं काय घेऊन बसलात.

कॉम्प्युटरवाल्यांना थोडक्यात सोडतो. २००५ मध्ये नॅनोट्यूबवर टायटॅनियमचे सुटे अणू बसवले, एकेका अणूनं चार-चार रेणू धरले, ८ टक्के. सुंदर गणित. त्याच वर्षी दुसऱ्या गणितानं दाखवलं की टायटॅनियमला कार्बनपेक्षा टायटॅनियमच जास्त आवडतं, ते गोळा होऊन बसतं आणि मग ते आठ टक्के राहत नाहीत. आणि ऑक्सिजन दिसला की टायटॅनियम बाकी सगळं विसरतं. सुटा अणू सुटाच राहील याची हमी मिळाल्याशिवाय तो आकडा प्रस्तावाच्या पहिल्या पानावर नका टाकू एवढंच.

आता जी गोष्ट मला सगळ्यात जास्त खुपते ती. आपण टक्क्यांच्या मागे लागलो आणि लिटर विसरलो. एक लिटरची टाकी घ्या, १०० बार, रूम टेम्परेचर, रिकामी. हायड्रोजन बसतो ७.७ ग्रॅम. आता तीत आपला कार्बन भरा. पूड असते हलकी, लिटरला ३०० ग्रॅम धरू. ०.६ टक्के एक्सेस (मोकळ्या गॅसच्या वर जादा बसलेला) म्हणजे १.८ ग्रॅम हायड्रोजन भिंतींना चिकटलेला. पण कार्बनच्या सांगाड्यानं १५० मिलिलिटर जागा अडवली, तेव्हा मोकळा हायड्रोजन उरला साडेसहा ग्रॅम. एकूण ८.३. रिकाम्या टाकीपेक्षा ०.६ ग्रॅम जास्त! ३०० ग्रॅम माल भरून, तो बनवून, त्यात पॅलेडियम घालून, हाती काय लागलं तर अर्धा-पाऊण ग्रॅम. तिकडे टोयोटाच्या मिराईमध्ये २०१४ पासून ७०० बारची टाकी वजनाच्या ५.७ टक्के हायड्रोजन घेऊन रस्त्यावर फिरतेय, टाकीचं स्वतःचं वजन धरून. अमेरिकेच्या ऊर्जा खात्यानं २०२५ साठी ५.५ टक्के आणि लिटरला ४० ग्रॅम असं लक्ष्य ठेवलं होतं तेही पूर्ण सिस्टीमचं, व्हॉल्व्ह-पाइप-टाकी सगळ्यासकट. आपण आपला आकडा नुसत्या पुडीचा सांगतो आणि शेजारी ते लक्ष्य आडव्या तुटक रेघेनं दाखवतो, जणू दोन्ही एकच गोष्ट आहे.

थंडीत मात्र कार्बन खरंच कामाचा आहे हे मी कुणाशीही भांडून सांगेन. उणे १९६ डिग्रीला शाहीनचा नियम चालतो, ५०० चौरस मीटरमागे एक टक्का, आणि चांगल्या कार्बनवर ५-६ टक्के जगात कुठल्याही लॅबमध्ये येतात. तिथे धातूची गरज नसते. गंमत ही की हे पेपर आता 'जुनं झालं' म्हणून परत येतात आणि रूम टेम्परेचरचा एका सायकलचा चमत्कार छापला जातो. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, पण आपण पोहऱ्यालाच चकाकी देत बसलोय.

तर मागणी काय? फार नाही. धातू घातलेल्या कार्बनच्या रेघेशेजारी त्याच कार्बनची बिनधातूची रेघ, तीही त्याच उष्णतेतून आणि त्याच रिडक्शनमधून गेलेल्या कार्बनची, कारण नुसत्या तापवण्यानंही भोकं बदलतात. रिकाम्या सेलची रेघ. कमीत कमी तीन सायकली, आणि हायड्रोजन बाहेर काढतानाचीही रेघ, कारण जे बाहेर येत नाही ते साठवलेलं नसतं. सॅम्पल एक ग्रॅम तरी घ्या, १०० मिलिग्रॅमवर चमत्कार सांगू नका, एक ग्रॅम बनवणं जमत नसेल तर बनवायला शिकेपर्यंत थांबा. पुडीची घनता लिहा म्हणजे वाचणारा स्वतः लिटरचा हिशोब करेल. ज्यांच्याकडे मास स्पेक्ट्रोमीटर आहे त्यांनी सॅम्पल तापवून बाहेर काय येतं ते दाखवावं, हायड्रोजन की पाणी, आणि जमलं तर ड्यूटेरियम, म्हणजे दुप्पट जड हायड्रोजन, भरून बघावं, कारण वस्तुमान ४ चा गॅस बाहेर आला तर तो आपणच आत घातलेला, ओलाव्यातून आलेला नाही, इतकं सरळ.

आणि रिव्ह्यूअर साहेब, मॅडम, 'वाढ दिसली नाही' असं सांगणारा पेपर आला की त्यात नवीन काय असं विचारू नका. एक तरुण पोरगा किंवा पोरगी सहा महिने मशीनसमोर बसून एखादा खोटा आकडा खोडून काढते आणि तुम्ही दोन ओळींत परत पाठवता, मग पुढच्या वेळी ती पहिलीच सायकल पाठवेल नाहीतर काय करेल? युरोपात २००९ च्या सुमारास एकच कार्बन वेगवेगळ्या लॅबना मोजायला दिला होता आणि आकडे चांगलेच विखुरले, हे छापलेलं आहे, तेव्हा शंका घेणं हा कुणाचा अपमान नाही. सॅम्पल दुसऱ्या लॅबकडे पाठवून मोजून घेतलंय का, एवढं एक वाक्य तुमच्या अभिप्रायात घातलंत तरी निम्मे चमत्कार टपालातच विरघळतील.

मला चुकीचा ठरवा, खरंच सांगतो. तीन सायकली, दोन लॅब, एक ग्रॅम, रूम टेम्परेचर, आणि साध्या कार्बनपेक्षा दुप्पट. ज्या दिवशी असा ग्राफ येईल त्या दिवशी मी तो प्रिंट काढून माझ्या मशीनवर चिकटवीन, जिथे तो सेन्सर टेप लावून चिकटवला होता तिथेच.

आणि हो, त्या शुक्रवारची कच्ची रीडिंग माझ्याकडे अजून आहेत. प्रेशरचा कॉलम, टेम्परेचरचा कॉलम, आणि १.४ च्या पुढे मीच पेनानं काढलेलं मोठं उद्गारचिन्ह. कुणाला विद्यार्थ्यांना दाखवायला हवी असतील तर मागा, उद्गारचिन्हासकट पाठवतो.

तुमचाच,
मशीनसमोर बसणारा एक जण